वण असल्याली बाई

आमच्या घरात आरसा नव्हता. आधी हुता, खुंटीला टांगल्याला, आईच्या माहेरनं आल्याला. मी देवीतनं उठले तवा आईनं तो काढून शेजारच्या काकूला देऊन टाकला. का दिला ते मला कुणी सांगितलं न्हाय, आन् मी बी इच्यारलं न्हाय. हौदावर वाकून पाणी काढताना दिसायचं तेवढंच माझं तोंड मला ठावं. पाणी हललं की सगळ्यांचीच तोंडं फाटल्यागत दिसत्यात, म्हणून त्याचं मला काय वाटायचं न्हाय. वाटायचं ते दुसऱ्यांचे डोळे बघून. बाजारात बाया माझ्याकडं बघायच्या, मग आईकडं बघायच्या, आन् "च्च" करायच्या. आई भाजीचा भाव इच्यारत ऱ्हायची, जणू तिनं ऐकलंच न्हाय.

निपाणीत आमची गल्ली म्हणजे तंबाखूची गल्ली. आप्पा वखारीत कामाला, आई घरात विड्या वळायची, आन् चौथीतनं शाळा सुटल्यापास्नं मी बी आईच्या शेजारी सूप मांडीवर घेऊन बसायची. सकाळी डोळा उघडायच्या आधी शिंक यायची. कात्रीनं पान कापायचा कर्र आवाज, दोरा तोडायचा टक आवाज, आन् मधीच आईचा खोकला, हेच आमचं घड्याळ. भाकरीला सुदीक तंबाखूचा खाट लागायचा. गावाकडनं पावणा आला की पहिल्या घासाला ठसकायचा आन् आमी हसायचो. खायाला म्हणाल तर सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरी आन् शेंगाची चटणी, सणावाराला भात. गल्लीत निम्मी घरं कानडी बोलायची, निम्मी मराठी. भांडायला कानडी बरी पडती, रडायला मराठी. आमाला दोन्ही यायचं.

माझा भाऊ बाळू माझ्यापेक्षा ल्हान. आमी दोघं एकाच वाकळंत झोपायचो. देवी आधी माझ्यावर आली, मग त्याच्यावर. आईनं सगळं पाळलं. घरात फोडणी दिली न्हाय, केसाला फणी लावली न्हाय, दाराला लिंबाचा डहाळा बांधला, कुणाला आत घेतलं न्हाय, रोग म्हणून शब्द काढला न्हाय. "बाई आलीया" असंच म्हणायची, आन् ते बी हळू. मी उठले. बाळू उठला न्हाय. आईनं कुठं चुकलं ते ती मरंपर्यंत हुडकत हुती.

नोकरीचं झालं ते असं. दवाखान्यातली नर्सबाई आमच्याच गल्लीत भाड्यानं ऱ्हायची. ती एक दिस दारात उभी ऱ्हाऊन आईला म्हणाली, "आक्का, एक मोठी कचेरी आलीया. सगळ्या देशांनी मिळून चालवत्यात. जगातनं देवी काढून टाकायची म्हणत्यात. त्यास्नी बाया पायजेत, घराघरात जाऊन हुडकायला. हौसाला धाडा की."

आई म्हणाली, "देवीला काढून टाकत्यात? कुठं टाकत्यात?"

"ते मला काय ठावं. पर बाप्याला कोण आत घेत न्हाय. बाई पायजे, दोन्ही भाषा येणारी."

"जीपगाडीतनं परक्या बाप्यांबरोबर हिंडायचं? माझी पोरगी?"

आप्पा जेवत हुते. ते खाली बघूनच म्हणाले, "जाऊ दे की. तिच्याकडं कोण बघतंय."

वायट मनानं म्हणाले न्हाईत. जे हुतं तेच म्हणाले. पर आईनं हातातली भाकरी तव्यावर तशीच सोडली, आन् ती करपल्याला वास आला तरी उलटली न्हाय.

दवाखान्यात गेले तवा एक गोरी बाई खुर्चीवर बसल्याली. उंच, नाक उन्हानं लाल झाल्यालं, पायात बाप्याचे बूट. ती डॉक्टरीण. तिच्या शेजारी बेळगावचे देसाई सायेब, ते आमचे वरचे. माझ्या आधी दोन पोरी आत जाऊन आलत्या, सातवी शिकल्याल्या, गोऱ्या-गोमट्या. मी सायबास्नी आधीच सांगून टाकलं, "मी चौथी हाय." सायेब तोंड वाकडं करून बाईला काय तरी बोलले. ती उठली, माझी हनुवटी धरली आन् तोंड खिडकीकडं वळवलं, बाजारात पेरू वळवून बघावा तसं. तिनं "च्च" केलं न्हाय. सायबास्नी काय तरी सांगितलं. सायेब म्हणाले, "बाई म्हणत्यात, ही चालंल. हिला हा रोग परत व्हायचा न्हाय, आन् ही भिणार न्हाय." मी भिणार न्हाय हे तिला कुणी सांगितलं ते ठावं न्हाय. मी भीतच हुते. पर माझं तोंड बघून "चालंल" म्हणल्यालं ते मी जल्मात पहिल्यांदा ऐकलं.

शिकवलं ते थोडंच. एक चित्र दिलं, जाड कागदाचं, त्यावर देवीचं पोरगं. ते दाखवायचं आन् इच्यारायचं, असं कुणी घरात हाय का. हाय म्हणलं की सायबास्नी सांगायचं, मग टोचणारा येऊन घरातल्या आन् शेजारच्या सगळ्यांस्नी टोचणार. आजारी माणसाला औषिद न्हाय, हे त्यांनी आमाला आधीच सांगितलं. टोचायचं ते बाकीच्यांस्नी. आन् ते बी येळंत. देवी अंगावर उमटल्याल्या माणसाजवळ कुणी ऱ्हायलं तर तीन-चार दिसांच्या आत सुई लागली तरच उपेग. त्याच्यानंतर सुई टोचली काय आन् काटा टोचला काय, सारखंच.

आता ह्यात अडचण अशी की देवी आल्यालं घर ते सांगतच नव्हतं. सांगणार कसं? बाई पावणी आलीया, तिचा बोभाटा करायचा नसतो. आन् सुई टोचायची म्हणजे ती घरात असताना तिच्या तोंडावर मारल्यागत. जीपचा आवाज आला की लोक आजारी पोर उचलून उसात न्हेऊन ठेवायचे. म्हणून जीप लांब थांबवायची आन् बायांनी चालत फुडं जायाचं असं ठरलं.

आता म्हातारपणी, मधी ती तोंडाला फडकं बांधायची मोठी साथ आली तवा नातीनं मला खोलीत घातलं आन् ताट दारात ठेवून गेली. मी आतनं हसाय लागले. "आज्जी, हसू नको, आत बस," म्हणाली. मी म्हणलं, "बसते गं बाई, बसायचीच माझी नोकरी हुती." तिला कळलं न्हाय. म्हणून ह्ये सगळं सांगाय लागले, ती लिहून घेती.

कामाचा पहिलाच आठवडा. बोरगावच्या बाहेर, नदीच्या अंगाला मळ्यातली घरं. जीप गावात चावडीजवळ उभी. मी एकटीच बांधावरनं चालल्याली, पायात चप्पल न्हाय, छातीशी चित्र. दुपार हुती. एक घर सगळ्यात शेवटी, कौलारू, मागं ऊस. कुत्रं भुंकलं. दारात एक म्हातारी काठी घेऊन बसल्याली. तायव्वा तिचं नाव, ते मला नंतर कळलं. ती उठली, जवळ आली, माझ्या गालावर बोट फिरवलं. वण मोजल्यागत फिरवलं.

"तुज्यावर कवा आलती?"

"ल्हान हुते तवा, आज्जी."

"घरात आनी कुनावर?"

"भावावर."

"हाय का?"

"न्हाय."

म्या शिकवल्यापरमाणं चित्र फुडं धरलं. "असं कुणी घरात हाय का?" एवढंच इच्यारलं. म्हातारीनं चित्राकडं बघितलं, काठी टाकली आन् वाकून डोकं टेकलं. मग आत जाऊन कुकवाचा करंडा आणला आन् चित्रातल्या पोराच्या कपाळाला बोट लावलं. तिच्या डोळ्यांतनं पाणी येत हुतं.

"तिनंच धाडलं तुला. तीन दिस म्हनत हुते, आई, कुनीतरी वन असल्याली धाड. माज्या अंगाला एक बी वन न्हाय. मी तिच्याजवळ बसाय नको, मला ठावं हाय. पर बसनार कोन? ये. तुला चालतंय आत."

आमच्याकडं ही रीतच हुती. देवीच्या माणसाजवळ बसायचं ते देवीतनं उठल्यालीनंच. गावात अशी बाई असली की तिला लोक बोलावून न्हेत. मी तोंड उघडायच्या आत म्हातारीनं माझा हात धरून मला उंबऱ्याच्या आत घेतलं.

डहाळा दाराला आतल्या बाजूनं बांधल्याला, बाहेरनं दिसू नये म्हणून. आतल्या खोलीत अंधार, लिंबाच्या पाल्याचा वास, आन् त्याच्या खालून दुसरा वास, तो मी कवाच विसरले नव्हते. पाल्यावर पोरगी पडल्याली. सगुणा. शाळंत जायाच्या वयाची. तोंडावर तिळाएवढी जागा मोकळी न्हाय. तिचे डोळे मिटून गेलते, पर पायाचा आवाज ऐकून तिनं इच्यारलं, "आई?"

"मी हाय," मी म्हणलं. दुसरं काय म्हणणार.

तेवढ्यात मधल्या खोलीतनं पाळण्याची दोरी कुरकुरल्याली ऐकली. मी तिकडं वळले. पडद्याआड पोरीची आई उभी, शेवंता, माझ्यापेक्षा चार-पाच वरसांनी मोठी असंल. नवरा इचलकरंजीला मागावर. पाळण्यात तान्हं, अजून बारसं व्हायचं हुतं. म्या शेवंताचा दंड बघितला, टोचल्याली खूण न्हाय. तान्ह्याचा बघितला, कवळा दंड, लोण्यागत. पाळण्याच्या खाली एक गाठोडं बांधून ठेवल्यालं.

"वैनी, पोरीला कवा उमटलं?"

"बाजारादिवशी," ती हळूच म्हणाली.

म्या मनात धरलं. तिसरा दिस सरत आलता. आज सुई लागली तर लागली. उद्याचा भरवसा न्हाय.

तवा म्या सांगून टाकलं. "आज्जी, मला देवीनं न्हाय धाडलं. मी कचेरीची हाय. गावात जीप हाय, टोचणारा हाय. बाळाला आजच्या आज टोचाय पायजे."

तायव्वा पहिल्यांदा हसली, मी चेष्टा करते असं वाटून. मग तिचं तोंड बदललं. ती दाराकडं गेली, दार लोटलं आन् आतनं आडणा घातला. लाकडाचा जाड आडणा, भिंतीतल्या भोकात बसणारा.

"सटवे. देवीचं तोंड घिऊन सरकारचं काम करतीस?"

"सरकारचं न्हाय..."

"कुनाचं बी असूंद्या. आता तू भाईर जायाची न्हाईस. तू गेलीस की ते येनार. घरात ती बसल्याली असताना माज्या नातवाला भोसकनार, आन् ती रागावली की दोन्ही घिऊन जानार. माज्या दिराचं घर असंच बसलं. टोचलं आन् महिन्यात गेलं पोर."

मागलं दार हुतं, पर मी तितनं पळाले असते तर जीप येईस्तोवर त्यांनी पोरं उसात लपवली असती, म्हणून मी भिंतीला पाठ लावून बसले. घरात चूल पेटल्याली न्हाय, आवाज न्हाय, नुसती पाळण्याची दोरी. कौलांतनं आल्याली उन्हं जिमिनीवर सरकत हुती. मी ती उन्हं बघत हुते. म्हातारी आडण्याला टेकून बसल्याली, काठी मांडीवर. आत सगुणा पाणी मागाय लागली. म्हातारी उठंना, कारण उठली तर मी दार उघडणार. मी उठले, तिला चमच्यानं ताक पाजलं, पाला बदलला, माश्या हाकलल्या. म्हातारी बघत हुती. अडवलं न्हाय.

मग बाहेर कुत्रं भुंकलं आन् देसाई सायबांचा आवाज आला. "हौसा! हौसाबाई!" दारावर थाप. "कोण हाय आत?"

"कुनी न्हाय हितं," तायव्वा ओरडली. "आमी शेतकरी मानसं. जावा."

"चप्पल न घातल्याली पोरगी हिकडं आल्याली लोकांनी बघितलीया. दार उघडा, न्हाय तर मोडतो!"

शेवंतानं पाळण्यातनं तान्हं उचललं, गाठोडं काखेत घेतलं आन् मागल्या दाराकडं सरकली. तवा मला कळलं ते गाठोडं कशाचं. सायबांनी दार मोडलं की ती मागनं उसात, तितनं माहेरला, चिकोडीच्या बाजूला. तिथं भरल्यालं घर, भावांची पोरं. बाळाच्या अंगात आधीच शिरलं असंल तर तितनं ते सगळ्या गल्लीत. मी बोंब ठोकली असती तर एका धक्क्यात माझी सुटका हुती. मी दाराजवळ गेले आन् फटीला तोंड लावून हळू बोलले.

"सायेब, मी हाय. बरी हाय. दाराला हात लावू नका. टोचणाऱ्याला घेऊन या, आन् तुमी बी मागं सरा, त्या चिंचंच्या खाली. मी बाळाला बाहेर धाडते."

"धाडते म्हणजे? तू बाहेर ये आधी!"

"मागं सरा सायेब. पाया पडते."

मग बुटांचा आवाज लांब गेला.

तायव्वा माझ्याकडं बघत हुती. म्हणाली, "वरडली न्हाईस?"

"आज्जी, आमच्या आईनं सगळं पाळलं," मी म्हणलं. "फोडणी न्हाय, फणी न्हाय, उंबरा वलांडला न्हाय. बाळू माझ्या कुशीत हुता. ती बाई रागवावी असं आमच्या आईनं काय बी केलं न्हाय. तरी न्हेला. तुमच्या दिराच्या घरात सुई लागली तवा किती दिस झालते, तुमास्नी ठावं हाय का?"

तिनं मान देवळीतल्या देवाकडं फिरवली.

"बाळाला आज टोचलं तर जगंल, असं मला शिकवलंय. खरं का खोटं मी अजून बघितलं न्हाय. मी नवीच हाय. पर न टोचता काय हुतं ते म्या बघितलंय."

"सून उंबऱ्याभाईर गेली तर पोरीजवळ कोन? तिला एकटं सोडायचं नसतंय. आईनं घर सोडलं की देवी म्हनती, मला टाकून गेली."

"मी बसते. उतरंपर्यंत बसते. वण असल्याली हाय, तुमीच म्हणालासा."

"आनी ही टोचून आली की पुन्हा आत घ्यायची व्हय? सुईचं पोर घिऊन?"

"न्हाय. ती गोठ्यात ऱ्हाईल बाळाला घेऊन."

म्हातारी आडणा सोडंना. मग शेवंता फुडं आली. तिचा डोईवरचा पदर मागं गेल्याला, तिनं सावरला न्हाय. "आत्ती, आडणा काढा."

"काढनार न्हाय."

"मग मी मागनं जाते. पर मागनं गेले तर माहेरला जाईन, आन् म्होरनं गेले तर गोठ्यात ऱ्हाईन. कुठनं जाऊ ते तुमी सांगा."

"भाईर पाय टाकलास तर पुन्हा ह्या घरात येऊ नगंस."

"येणारच की," शेवंता म्हणाली. "माझी पोरगी हितं हाय."

उन्हं जिमिनीवरनं भिंतीवर चढली. शेवटाला म्हातारी आडण्याला हात न लावता नुसती बाजूला सरकली. तिनं काढला न्हाय. म्या काढला. तो जड हुता, माझ्या पायावर पडला, अंगठ्याचं नख काळं झालं. शेवंता उंबरा वलांडून गेली. थोड्या येळानं चिंचंखालनं बाळाचं रडणं आलं, एकदम वर चढल्यालं. तायव्वानं दोन्ही कानांवर हात ठेवले आन् देवळीफुडं पालथी पडली.

सायेब दारापर्यंत आले. "झालं. दोघांस्नी टोचलं. चल आता. अजून तीन गावं ऱ्हायल्यात."

"मी हितंच बसणार हाय, सायेब."

"हे बघ हौसा, बसायचं आपलं काम न्हाय. आपलं काम हुडकायचं. तू न्हाय आलीस तर मला वर लिहावं लागंल. मग नोकरी ऱ्हाणार न्हाय."

माझ्या डोळ्याफुडं आईचं सूप आलं, आन् आप्पांचं "कोण बघतंय". पर मी शब्द दिलता. शब्द मोडला असता तर म्हातारीनं शेवंताला त्याच दिवशी बाळासकट हाकलली असती. "न्हाय तर न्हाय," मी म्हणलं. "घरी तेवढं कळवा, हौसा बरी हाय म्हणून." ते गेले. मळ्याच्या तोंडाला एक राखणदार ठेवून गेले, कुणाला आत-बाहेर जाऊ न द्यायला. जीपचा आवाज लांब जाईस्तोवर मी ऐकत हुते.

मग बसणं आलं. बसणं हे काम म्हणून कुणाला दिसत न्हाय. पोरीची कूस बदलायची, तिचे हात धरायचे खाजवू नये म्हणून, लिंबाच्या पाण्यानं पुसायचं, दहीभाताचं एक एक शीत भरवायचं. ती मला अंधारात "वणाची मावशी" म्हणाय लागली. तिला माझं तोंड दिसत नव्हतं, पर माझा हात घेऊन तिनं बोटांनी माझे गाल चाचपले. "मी बी अशी हुणार?" म्हणाली. मी म्हणलं, "व्हय." खोटं बोलाय मला जमत न्हाय. तिनं पुन्हा एकदा गाल चाचपले आन् म्हणाली, "पर तू हाईस की."

तायव्वा माझ्याशी बोलत नव्हती. आता ती मधल्या खोलीतच ऱ्हायची. भाकरी करायची, थंड झाली की माझ्याफुडं सरकवायची आन् तोंड फिरवायची. तिला बी टोचून घ्या म्हणून म्या सांगून बघितलं. "माजं मरान बघायला उतावीळ झालीस व्हय?" एवढंच बोलली. सकाळ-सांज ती दारात उभी ऱ्हाऊन गोठ्याकडं ओरडायची, "शेवंते, पोर कसं हाय?" गोठ्यातनं, "हाय!" एवढाच जबाब.

एका सकाळी जबाब आला न्हाय. तायव्वानं पुन्हा हाक मारली. शेवंता गोठ्याच्या दारात आली, बाळ छातीशी. "अंग तापलंय," म्हणाली.

तायव्वा माझ्याकडं वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बघ. आली. तूच आनलीस."

शेवंता मात्र ओरडली. तितनंच, गोठ्यातनं, सगळ्या मळ्याला ऐकू जाईल असं. "कुठनं आलीस गं तू? माझं सोन्यासारखं पोर! तुझं तोंड बघूनच मी ओळखाय पायजे हुतं!" मी ऐकून घेतलं. सुईनं बी थोडा ताप येतो असं शिकवल्यालं, पर देवी येताना बी ताप आधी येतो. दोन्हीत फरक कसा कळायचा ते त्यांनी सांगितलं नव्हतं, का सांगितलं हुतं आन् मला समजलं नव्हतं. मला जाऊन बाळाला बघता येत नव्हतं, पोरीच्या खोलीतनं गोठ्यात जायाचं न्हाय. तो सगळा दिस मी सगुणाला वारा घालत बसले आन् कान गोठ्याकडं. बाळ रडलं की जीव जायाचा, गप्प झालं की जास्तीच जायाचा. दुपारचं ताट तसंच ऱ्हायलं. म्हातारीनं ते उचललं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा खाली ठेवलं. "खा," म्हणाली. "तू मेलीस तर हिच्याजवळ कोन बसनार?"

दुसऱ्या दिवशी ताप तसाच. तिसऱ्या दिवशी तांबडं फुटताना शेवंताची हाक आली. "आत्ती! हिकडं या!" रडतीया का काय ते कळंना. तायव्वा काठी न घेता पळाली. मी उंबऱ्याच्या आत उभी. अंगणाच्या पल्ल्याड शेवंतानं बाळाची कुंची बाजूला केली आन् उजेडात धरलं. बाळ हातपाय झाडत हुतं. अंग सगळं लख्ख. नुसत्या दंडावर, सुई टोचल्याली तिथं, एक फोड. टपोरा, मोत्यागत, मधी खळगा पडल्याला. तसल्या फोडांनी सगुणाचं सगळं तोंड भरल्यालं.

"ताप उतरला रातीच," शेवंता म्हणाली. "दुसरं कुठंच न्हाय. म्या सगळं अंग बघितलं. बोटांच्या बेचक्यात सुदीक बघितलं."

तायव्वानं बाळाला उलटं केलं, सुलटं केलं. काखेत बघितलं, तळपाय बघितले. मग त्या एका फोडाकडं बघत बसली. बराच येळ. मग माझ्याकडं मान वळवून तिनं इच्यारलं, आन् तिच्या तोंडावर राग न्हाय, लोभ न्हाय, नुसतं नवल हुतं.

"एवढीच?"

"एवढीच, आज्जी."

"एकाच दाण्यावर भागलं तिचं?"

"भागलं."

त्याच दिवशी दुपारी जीप आली. सायबांबरोबर गोरी डॉक्टरीण हुती, नाक आनखीनच लाल. सायबांनी वर लिहिलंच हुतं, आन् ती वाचून स्वतःच आलती. मला वाटलं, आता सांगणार जा म्हणून. ती अंगणात उकिडवी बसली, बाळाचा दंड बघितला, मग माझा काळा अंगठा बघितला, आन् सायबास्नी काय तरी बोलली. सायेब म्हणाले, "बाई इच्यारत्यात, पोरीची खपली पडायला अजून किती दिस? तेवढे दिस तुझी ड्युटी हितंच लावा म्हणत्यात." ते माझ्याकडं न बघता म्हणाले. त्यांचा बी काय दोष न्हाय, त्यांस्नी तीन गावं हुती. फुडं त्याच कचेरीत, देवी संपल्यावर दुसऱ्या रोगांच्या कामावर, मी केस पांढरे होईस्तोवर ऱ्हायले, कुठल्या कुठल्या गावांत बसले. पर रुजू झाले ती त्या अंगणात, असं मी धरते.

तायव्वा दारात उभी ऱ्हाऊन गोऱ्या बाईला निरखत हुती. "हिच्यावर आलती का?" तिनं मला इच्यारलं.

म्या सायबास्नी इच्यारलं, सायबांनी बाईला. बाईनं मान हलवली, न्हाय म्हणून.

"घरात कुनावर आलती?"

न्हाय. तिच्या देशात ती कुणावर येऊन लई वरसं झाली, असं सायबांनी सांगितलं.

"मग ही कशाला मरायला आली एवढ्या लांबनं?"

सायेब हसले आन् त्यांनी ते काय बाईला सांगितलं न्हाय. पर गोरी बाई थांबल्याली, जबाब द्यायचाय असं समजून. तायव्वा तिच्यापशी गेली. चोळीची बाही खांद्यापर्यंत वर वढली, आन् तो वाळल्याला, एक बी वण नसल्याला दंड तिच्याफुडं धरला.

"सांग हिला," मला म्हणाली, "म्हातारी हाय, हळू टोच म्हनावं. आनी जास्ती नगं. एकच दाना."